घागरीमागे वर्गणी

पाटोदा मागे टाकून आमची जीप मांजरसुंब्याच्या वाटेला लागली आणि एका वळणावर रस्त्यात आडवी दोरी आली. दोन्ही टोकांना चार-पाच तरुण, एकाच्या हातात पावतीपुस्तक, कपाळाला बुक्का. ड्रायव्हरने ओठांतल्या ओठांत शिवी गिळली आणि ब्रेक दाबला. मी पर्स उघडली, कारण गावात सप्ताह बसलेला असणार आणि वर्गणी दिल्याशिवाय दोरी खाली जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. शेजारी बसलेल्या डोरोथीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिने विचारलं, पुढे अपघात झालाय का?

डोरोथी ही स्कॉटलंडमधली माझी मैत्रीण. मी मूळची तलवाड्याची, कापडदुकानदाराची मुलगी. डॉक्टर नवऱ्याबरोबर उत्तर समुद्राकाठच्या एका लहानशा मासेमारीच्या गावी गेले, ती तिथलीच होऊन बसले. डोरोथी तिथल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. लोकांनी देऊन टाकलेले कपडे आणि कपबश्या विकून ते पैसे चांगल्या कामाला द्यायचे, असं एक दुकान ती चालवते. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मेलेल्या माणसाचा कोट त्याच्याच गावात विकायला टांगलेला पाहून माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे मीही दर गुरुवारी तिथे गल्ल्यावर बसू लागले.

अशाच एका गुरुवारी मी सहज बोलून गेले की आमच्या गावच्या हायस्कुलात वाड्या-वस्त्यांवरून मुली चालत येतात, दुपारची भाकरी भिंतीच्या सावलीत उभ्याने खातात, आणि संध्याकाळी एसटी येईपर्यंत त्यांना टेकायलाही जागा नसते. एक खोली झाली तर बरं होईल.  पुढच्या आठवड्यात डोरोथीने दुकानाच्या काचेवर 'तलवाड्याची खोली' असा कागद लावला, आणि वर्षभर ते समुद्राकाठचं गाव त्या खोलीच्या मागे लागलं. म्हणून आता ती स्वतः निघाली होती, जागा पाहायला आणि लोकांना भेटायला. मी बरोबर होते दुभाषी म्हणून, आणि मनातून चांगलीच धास्तावले होते. देण्याच्या दोन तऱ्हा एकमेकींसमोर येणार होत्या आणि मध्ये मी उभी.

दोरीची भानगड ऐकल्यावर डोरोथी जीपमधून खाली उतरली. तिच्या गावात वर्गणी मागणारा माणूस हातात बंद डबा घेऊन नाक्यावर नुसता उभा राहतो. तोंडाने मागणं असभ्य समजतात. येणारा आपण होऊन नाणं टाकतो आणि त्याच्या कोटाला कागदाची एक टिकली चिकटवली जाते, म्हणजे पुढचा डबेवाला त्याला छळत नाही. आणि इथे सरळ दोरी. तिने नोट पुढे केली. पावती लिहिणाऱ्याने नाव विचारलं. मी सांगितलं, पण ते त्याच्या कानात काही शिरेना. शेवटी त्याने सुवाच्य अक्षरात 'दुरपदाबाई' लिहिलं. गाव विचारल्यावर मी स्कॉटलंड म्हणाले. त्याने 'मु. पो. स्कॉटलंड' लिहून पावती फाडून दिली. पुढे बीड जिल्ह्यात असेपर्यंत ती दुरपदाबाईच राहिली आणि त्या नावाला ओ द्यायलाही शिकली.

एवढ्यावर थांबेल ती डोरोथी कसली. तिने दोरीचं एक टोक मागून घेतलं आणि उसाचा ट्रक अडवला. गोरी, पांढऱ्या केसांची बाई दोरी धरून उभी पाहून ड्रायव्हरने खळखळ न करता पैसे काढले. जीपमध्ये बसताना ती म्हणाली की आयुष्यभर ती वर्गणी चुकीच्या पद्धतीने गोळा करत आली.

लिंबागणेश

गणपतीचं दर्शन घेऊन बाहेर आलो तर देवळाच्या आवारात पंगत बसत होती. कुणा शेतकऱ्याचा नवस फेडायचा होता. आम्ही कोण, कुठल्या, हे न विचारता आम्हाला बसवलं. पत्रावळीवर भात, झणझणीत आमटी आणि गव्हाची खीर. नवस बोललेला गृहस्थ स्वतः बादली घेऊन खीर वाढत होता आणि नको म्हणणाऱ्याला दोन पळ्या जास्त घालत होता. डोरोथीने मांडी घालायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग कुणीतरी गव्हाचं पोतं गुंडाळून आणलं आणि त्यावर ती राणीसारखी बसली.

जेवण झाल्यावर ती पेटी शोधू लागली. एवढं जेवल्यावर काहीतरी टाकायला हवं, असा तिचा आग्रह. पेटी सापडेना, तेव्हा तिने नोट काढून थेट त्या यजमानापुढे धरली. त्याचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईला सांगा, जेवल्या हेच लई झालं. पैसे कावून देतेत?"

मी तिला समजावलं की इथे जेवणाराने उपकार केलेला असतो. आमच्या लिंगायत घरात याला दान म्हणत नाहीत, दासोह म्हणतात. आपल्याकडे आलेलं पुढे पोचवायचं, 'मी दिलं' हा शब्द मध्ये येऊ द्यायचा नाही, असं वडील सांगायचे. तिने नोट मुडपून ठेवली. पण डोरोथी शिक्षिका, तिची नजर तयार. तिने पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. फरशीवर नाव होतं. पुढच्या फरशीवरही होतं. वर सभामंडपातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर कुणाचं तरी स्मरण रंगवलेलं होतं आणि ते गरागरा फिरत होतं. मग 'मी' गेला कुठे, असं तिने मिश्कीलपणे विचारलं.

 मी तिला तिच्या समुद्राकाठच्या बाकांबद्दल विचारलं. तिथल्या प्रत्येक बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी असते, गेलेल्या माणसाचं नाव कोरलेली. ती हसायची थांबली. शेवटच्या बाकावर तिच्या नवऱ्याचं नाव आहे, हे माझ्या बोलल्यावर लक्षात आलं. मी क्षमा मागणार तोच ती म्हणाली, तुम्ही माणसांना वारा देता, आम्ही बसायला जागा देतो, हिशेब एकच.  निघताना यजमानाने तिच्या रुमालात खिरीचा गहू आणि गुळाचा खडा बांधून दिला.

तलवाडा

माझा भाऊ विश्वनाथ दुकानाच्या दारातच उभा होता. त्याने डोरोथीला वाकून शरणार्थ, म्हणजे आम्हा लिंगायतांचा नमस्कार, केला, तिनेही तसंच वाकून केला. थंडीचे दिवस, ज्वारी हुरड्यात आलेली. पहिले दोन दिवस शेतात आगटीभोवती हुरडा खाण्यात गेले. गरम कणसं तळहातावर चोळताना तिने हात भाजून घेतले, पण चटणीबरोबरचा पहिला घास खाल्ल्यावर तिने तक्रार बंद केली. दुकानात बसून ती विश्वनाथला प्रश्न विचारी. जुन्या साड्यांचं बायका काय करतात? बोहारणीला देऊन भांडं घेतात, हे ऐकून तिला फार आवडलं. तिच्या दुकानात लोक कपडे देऊन नुसतं समाधान घेऊन जातात. इथे समाधानाबरोबर पातेलंही मिळतं.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा झाली. बायकांसाठी जागा राखीव झाल्यावर कौसल्याबाई सरपंच झाल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्यांच्या वतीने त्यांचा नवराच बोलणार अशी लोकांची अटकळ होती. त्यांनी त्याला मागच्या रांगेत बसवलं होतं.

पैसे जमवले कसे, हे डोरोथीने सांगितलं आणि मी भाषांतर केलं. केक करून विकले. जुनी पुस्तकं विकली. ती स्वतः समुद्राकाठाने दिवसभर चालली आणि ओळखीच्या माणसांनी मैलामागे ठरलेली रक्कम दिली. अँगस नावाचा एक कोळी थंडगार शिजवलेल्या घेवड्याने भरलेल्या टबात तासभर बसला, तेही पाहणाऱ्यांनी पैसे दिले म्हणून. इथे माझं भाषांतर लोकांना खरं वाटेना. पुन्हा सांगावं लागलं, आणि मग पटांगण हसून लोटपोट झालं.

हसू ओसरल्यावर कौसल्याबाईंनी विचारलं, तुमच्या गावाला काहीच नडत नाही का? डोरोथीने प्रामाणिकपणे सांगितलं. गावाचं सभागृह आहे, त्याचं छत गळतं. कित्येक वर्षं त्यासाठीही जमवतोय, पण लोकांना लांबच्या कामाला द्यायला आवडतं, छताला कुणी देत नाही. आता बादल्या ठेवून सभा घेतो.

 माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ज्यांचं स्वतःचं छत गळतंय त्यांच्याकडून नुसतं कसं घ्यायचं, अशी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की निम्मा खर्च गाव उचलणार असेल तरच हे पैसे घ्यावेत, नाहीतर बाईला चहा पाजून पाठवावं. सगळ्यांनी माना डोलावल्या.  त्या वर्षी गावात डिश अँटेना आल्या होत्या, एसटीडीचा पिवळा बूथ उघडला होता, पण निम्मी खोली बांधण्याइतकी वर्गणी गावात कधी जमली नव्हती. डोरोथीला आठवड्याने परतायचं होतं. तेव्हा विश्वनाथने तोडगा सुचवला. तेलगावचे दादासाहेब मोठे बागायतदार, त्यांची आत्या तलवाड्यात दिलेली. त्यांना विचारून पाहू.

तेलगाव

माजलगाव ओलांडून तेलगावपर्यंत रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. दादासाहेबांच्या अंगणात कापसाचा एवढा ढीग पडला होता की डोरोथी त्यात हात घालून लहान मुलीसारखी उभी राहिली. आम्ही चौघं होतो, मी, ती, विश्वनाथ आणि कौसल्याबाई. दादासाहेब मनमोकळे, उंचेपुरे. त्यांनी आम्हाला गुळाचा चहा दिला, शेंगा दिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि निम्मा खर्च एकटे द्यायला तयार झाले. अट एकच. दर्शनी भिंतीवर त्यांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत असावं, आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं ते त्यांनी ठरवावं.

डोरोथीला यात काहीच वावगं वाटलं नाही. विश्वनाथचा जीव भांड्यात पडला. पण कौसल्याबाई हात जोडून म्हणाल्या की विचार करून कळवते. दादासाहेबांना ते लागलेलं दिसलं, तरी त्यांनी आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं.

जीप सुरू झाल्यावर विश्वनाथ कौसल्याबाईंवर जवळजवळ रागावलाच. एवढा माणूस हो म्हणतोय आणि तुम्ही विचार करते म्हणता.  त्या म्हणाल्या, "आप्पा, मानूस चांगलाच हाय. पर मंग खोली तेंची झाली. उद्या कौलं फुटली तर आपले लोक म्हनतेल, तेंची हाय, तेच बगतेल. पोरींची कवा व्हनार ती?"

मी हे डोरोथीला सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या सभागृहाचं छत कुणी का दुरुस्त करत नाही, हे तिला आत्ता कळलं, असं ती म्हणाली. तिच्या आधीच्या पिढीत एका गिरणीमालकाने ते बांधून दिलं होतं.

मग कौसल्याबाईंनी मला पुन्हा ते चालण्याचं विचारलं. नुसतं चाललं तरी लोक पैसे देतात, हे खरं का? मी म्हणाले खरं. जीप तलवाड्यात शिरेपर्यंत त्यांना मधूनमधून हसू येत होतं.

गोड पाण्याची वाट

तलवाड्यात आमच्या भागातल्या बोअरचं पाणी मचूळ. प्यायचं गोड पाणी गावाबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणावं लागे, आणि ते बायकाच आणत. दुसऱ्या दिवशी लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला की उद्या बायका पाणी आणतील आणि त्या दिवशीच्या प्रत्येक घागरीमागे त्या घरच्या पुरुषाने किंवा कुठल्याही दुकानदाराने शाळेच्या खोलीला वर्गणी द्यायची. घागरीचा दर ज्याने त्याने आधी बोलायचा.

बाजारात याची चांगलीच करमणूक झाली. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याने भर रस्त्यात कौसल्याबाईंना अडवलं. "बाई, ते पानी तर त्या रोजच आनतेत. तेचे पैसे कावून द्यायचे?"

"रोज आनतेत म्हनूनच," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तरीही पुरुष हसत हसत दर बोलले. एक बाई किती घागरी आणील, चार की पाच, असा त्यांचा अंदाज.

सकाळी ऊन कोवळं असतानाच बायका निघाल्या. लग्नाला नेसतात तशा साड्या नेसल्या होत्या. हलगीवाला आपण होऊन आला. शाळेच्या फाटकाशी शिंपी रहीमचाचा रंगीत चिंध्यांची टोपली घेऊन बसले. भरलेली घागर दिसली की बाईच्या मनगटावर एक चिंधी बांधायची आणि त्या घागरीचे पैसे देणाऱ्याचं नाव पुकारायचं. चिंधीची कल्पना डोरोथीच्या कागदी टिकलीवरून त्यांना सुचली होती. चाचांनी आपली वर्गणी आधीच दिली होती, पण किती, हे ते विश्वनाथलाही सांगेनात. दिलं ते सांगायचं नसतं एवढंच म्हणाले.

डोरोथीने पहिल्याच फेरीला घागर डोक्यावर घेण्याचा हट्ट धरला. विहिरीपासून दहा पावलं आली असेल, घागर कलंडली आणि ती डोक्यापासून बुटांपर्यंत भिजली. थंडीच्या सकाळी. मी घाबरले, पण ती इतकी हसत होती की बायकांनाही हसू आवरेना. कौसल्याबाईंनी तिला लहानशी कळशी दिली आणि कमरेवर कशी धरायची ते दाखवलं. तिने ती न सांडता आणली. चाचांनी तिच्या मनगटावर हिरवी चिंधी बांधली, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मीही पाणी आणलं. तिसऱ्या फेरीला माझी मान आखडली आणि ही वाट मी माहेरी असताना रोज चालत होते, यावर माझाच विश्वास बसेना.

घरचे रांजण भरले. बायका थांबल्या नाहीत. शाळेची टाकी भरली, देवळाची भरली, मशिदीचा हौद भरला, गुरांचं डोणं भरलं. मनगटावरच्या चिंध्या कोपरापर्यंत चढल्या. दुपारी बाजारातलं हसणं बंद झालं होतं. पुरुष ओट्यावर उभे राहून वाटेकडे पाहत होते. हॉटेलवाल्याची बायको सगळ्यांत चपळ निघाली. तो शेवटी रस्त्याच्या मधोमध येऊन तिला हात जोडू लागला, आणि तिने घागर तशीच डोक्यावर ठेवून त्याला वळसा घातला.

तेवढ्यात दादासाहेबांची पांढरी गाडी फाटकाशी थांबली. तेलगावात खबर आधीच पोचली होती. आता काहीतरी कटू होणार म्हणून विश्वनाथ पुढे झाला. दादासाहेब खाली उतरले आणि पाणी घेऊन येणाऱ्या बायकांकडे पाहू लागले. मग त्यांनी चाचांना एका बाईबद्दल विचारलं. तिच्या हाताला भरपूर चिंध्या होत्या, पण चिंधी बांधताना कुणाचंच नाव पुकारलं जात नव्हतं. चाचा म्हणाले, तिच्या घरी पुरुष नाही, तिच्या घागरी मोकळ्याच. दादासाहेबांनी खिशात हात घातला आणि तिच्या सगळ्या घागरींचं आपण देतो म्हणाले. नाव काय पुकारायचं, असं चाचांनी विचारलं. ते म्हणाले, तिचंच पुकारा.

चाचांनी त्या बाईचं नाव मोठ्याने पुकारलं. हलगी कडाडली. ती घागर घेऊन येतच होती, तिने दचकून इकडेतिकडे पाहिलं, आणि मग अशी ताठ चालत आली की बस्स.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत पंच आमच्या दुकानात जमले. निम्म्यापेक्षा बरंच जास्त जमलं होतं. डोरोथी आनंदाने टाळ्या वाजवत होती. कौसल्याबाई तिच्यासमोर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, नीट सांग तिला. तिच्याकडचे पैसे अजून तिकडच्या बँकेतच आहेत ना? इथे निम्म्यावर जेवढं जमलं तेवढे इकडे पाठवू नका. त्याचं छत करा.

डोरोथीला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती गोंधळली. ते पैसे तलवाड्यासाठी दिलेले आहेत, असं ती सांगू लागली.

"तुमी दिलं, आमी घेतलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता आमी देतोय. तुमी घ्या."

जन्मभर दुसऱ्यांसाठी जमवणाऱ्या त्या बाईला हात कुठे ठेवावेत ते कळेना.  तिने डोळे पुसले आणि चहा मागितला.

परतल्यावर

आता तलवाड्यात खोली उभी आहे. भिंतीवर कुणाचंच नाव नाही. विश्वनाथच्या सांगण्यानुसार दुपारी तिथून मुलींच्या हसण्याचा इतका आवाज येतो की हेडमास्तरांना खिडकी लावून घ्यावी लागते.

आम्ही परतल्यावर डोरोथीने गळक्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं आणि झालेली हकीकत सांगितली. पैसे ज्यांनी दिले त्यांचीच परवानगी हवी, असं ती म्हणाली.  बादलीत थेंब पडत होते. आमच्या गावाला दुसऱ्या गावाने काही देण्याची ही पहिलीच वेळ असावी. शेवटी घेवड्याच्या टबात बसलेला अँगस उठला. लाजत लाजत त्याने मला विचारलं की तिकडे अशा वेळी आभार कसे मानतात. मी म्हणाले, आभार मानत नाहीत, जेवायला बोलावतात.

म्हणून त्यांनी बोलावलं. छताला नव्या दगडी पाट्या बसल्या त्याच आठवड्यात मी तलवाड्याच्या एसटीडी बूथवर फोन करून विश्वनाथमार्फत निरोप दिला. येण्याजाण्याचा खर्च हे गाव केक विकून करणार होतं. कौसल्याबाई येतील असं मला वाटत नव्हतं. परवा विश्वनाथचा फोन आला. त्या पासपोर्टचा फोटो काढायला गेवराईला जाऊन आल्या. फोटोवाल्याने पदर मागे घ्यायला सांगितलं, कान दिसले पाहिजेत म्हणे. आख्ख्या गावाने कधी मोकळं न पाहिलेलं डोकं. विश्वनाथला वाटलं, आता त्या उठून चालू लागणार.

त्यांनी पदर कानामागे सारला आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "घे काढून. तितं जाऊन ऐकायचंच हाय मला."